युगोस्लाव्हियातली बास्केटबॉलची शाळा

1950 साली अर्जेंटिनात बास्केटबॉलची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दहा संघ होते आणि युगोस्लाव्हिया दहावा आला. वीस वर्षांनी, मे 1970 मध्ये, ल्युब्लियानाच्या तिवोली सभागृहात याच देशाने अमेरिकेला 70–63 असे हरवून जगज्जेतेपद मिळवले. पुढे 1978 आणि 1990 साली ते पुन्हा मिळाले, 1980 मध्ये मॉस्कोला ऑलिंपिक सुवर्णपदक आले, आणि 1973 ते 1977 या काळात युरोपचे अजिंक्यपद सलग तीनदा याच संघाकडे राहिले. दोन कोटींहून थोडी जास्त वस्ती असलेल्या, युद्धात होरपळलेल्या देशाला हे कसे जमले याचे उत्तर देताना बहुतेक वेळा दिनारिक डोंगरांतल्या माणसांच्या उंचीकडे बोट दाखवले जाते. माणसे उंच होती हे खरे. पण 1950 सालीही ती तितकीच उंच होती. मधल्या वीस वर्षांत बदलली ती मुलांना खेळ शिकवण्याची रीत, आणि युगोस्लाव्ह बास्केटबॉलचा खरा इतिहास त्या रीतीचाच आहे.

खेळ देशात आला तो 1923 साली. विल्यम वायलंड या अमेरिकन प्रशिक्षकाने तो बेलग्रेडमध्ये दाखवला. मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो शाळा आणि व्यायामसंघांपुरताच राहिला. मार्च 1945 मध्ये, युद्ध अजून संपलेही नव्हते तेव्हा, बेलग्रेडमध्ये 'त्सर्व्हेना झ्वेझ्दा', म्हणजे रेड स्टार, हा क्लब निघाला. त्याच्या बास्केटबॉल विभागात चार तरुण एकत्र आले: नेबोयशा पोपोविच, बोरा स्टान्कोविच, रादोमिर शापेर आणि अलेक्झांडर निकोलिच. सगळे विशीतले. सामने उघड्यावर, कालेमेग्दान किल्ल्याच्या आवारातल्या मैदानावर होत. 1946 ते 1955 या दहा वर्षांत देशाचे अजिंक्यपद रेड स्टारने एकदाही सोडले नाही.

या चौघांपैकी कोणाचेही पोट बास्केटबॉलवर नव्हते. स्टान्कोविच पशुवैद्यक होते आणि मांस तपासणीच्या खात्यात नोकरी करत. शापेर वस्त्रोद्योगातले अभियंते होते, पोपोविच पुढे दूरचित्रवाणीत गेले. तरीही त्यांनी कामे वाटून घेतल्यासारखी केली. पोपोविच आणि स्टान्कोविच यांनी संघटना उभारली. स्टान्कोविच 1976 पासून 2002 पर्यंत आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस होते आणि अमेरिकेच्या व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकचे दार त्यांच्याच कारकिर्दीत उघडले. शापेर नियमांकडे वळले. महासंघाच्या तांत्रिक समितीत त्यांनी अनेक वर्षे घालवली आणि 1984 साली आंतरराष्ट्रीय खेळात आलेल्या तीन गुणांच्या रेषेमागे त्यांचा हात होता. शिकवण्याचे काम निकोलिच यांच्याकडे राहिले. हे काम बाकीच्या कामांपेक्षा कमी दिसणारे होते, पण त्याचे फळ सर्वांत मोठे निघाले.

निकोलिच यांचा जन्म 1924 सालचा, सारायेव्होचा. 1951 मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, म्हणजे अर्जेंटिनातल्या दहाव्या क्रमांकानंतर लगेच, आणि 1965 पर्यंत त्या जागेवर होते. त्यांच्या हाताखाली 1961 साली युरोपीय रौप्यपदक आले, 1963 साली रिओमध्ये जागतिक रौप्यपदक. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते काही महिने अमेरिकेत राहिले आणि विद्यापीठांच्या संघांचा सराव त्यांनी जवळून पाहिला. तिथली चढाईची मांडणी आणि बचावाची शिस्त त्यांनी घेतली. मात्र अमेरिकेत शाळा आणि विद्यापीठ मिळून मुलाला जी आठ-दहा वर्षे देतात, तशी व्यवस्था युगोस्लाव्हियात नव्हती. ती वर्षे क्लबनेच द्यायची, हा धडा तिथून निघाला. बेलग्रेडच्या शारीरिक शिक्षण संस्थेतही ते शिकवत. 'प्रोफेसर' हे नाव त्यांना देशभर चिकटले आणि शेवटपर्यंत राहिले.

क्लबांची रचना या कामाला सोयीची होती. प्रत्येक क्लबमध्ये वरिष्ठ संघाच्या खाली तीन पायऱ्या असत: पायोनिअर म्हणजे साधारण चौदापर्यंतची मुले, कॅडेट म्हणजे सोळापर्यंतची आणि ज्युनिअर म्हणजे अठरापर्यंतची. क्लबला पैसा कारखाने, नगरपालिका किंवा सरकारी संस्था देत. स्प्लिटचा युगोप्लास्टिका क्लब तर प्लास्टिकच्या कारखान्याच्या नावानेच ओळखला जाई. सराव फुकट असे. मुलाला फक्त बूट लागत, आणि कित्येकदा तेही क्लबच देई. मोठ्या शहरांइतकेच हे लहान गावांतही चालले, आणि याचा परिणाम नकाशावर दिसतो. झादारमधून क्रेशिमिर चोसिच आला, शिबेनिकमधून द्राजेन पेत्रोविच, चाचाकमधून द्रागान किचानोविच, आणि प्रिएपोल्ये या डोंगरातल्या गावातून क्राल्येव्होच्या क्लबमध्ये आलेला व्लादे दिवाच. शहर लहान म्हणून प्रशिक्षक कमी प्रतीचा, असे क्वचितच होई. मुलांना शिकवणे हे कमीपणाचे काम मानले जात नसे, आणि देशातले बरेच नामवंत प्रशिक्षक कॅडेट आणि ज्युनिअर संघांतूनच वर आले.

सरावाचा गाभा साधा होता. पायांची हालचाल, थांबणे, वळणे, दोन्ही हातांनी ड्रिबल, दोन्ही हातांनी पास, आणि रिंगच्या जवळून सुरू करून हळूहळू मागे सरकत जाणारा शूटचा सराव. हे सर्व मुलांना सारखे. कोण उंच होणार आणि कोण ठेंगणा राहणार हे चौदाव्या वर्षी सांगता येत नाही. मुलग्यांमध्ये उंचीची सर्वांत वेगवान वाढ साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास होते, पण ती कोणाची बाराव्या वर्षी तर कोणाची सोळाव्या वर्षी सुरू होते. लवकर वाढलेल्या मुलाला रिंगखाली उभे करून सेंटर बनवले, तर आजचे सामने जिंकता येतात. मग बाकीची मुले त्याच्या उंचीला येऊन पोचतात आणि त्याला ना ड्रिबल येतो ना पास. युगोस्लाव्ह प्रशिक्षकांनी हा मोह बऱ्याच प्रमाणात टाळला, आणि त्यांच्या साऱ्या पद्धतीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची म्हणावी लागते. चोसिच 2.11 मीटर उंचीचा असून गार्डसारखा पास करी. 2.16 मीटरचा दिवाच चेंडू घेऊन मैदानभर धावे. अमेरिकेत त्या काळी एवढ्या उंचीच्या माणसाने तसे खेळणे अपेक्षितच नव्हते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे लवकर मिळणारी संधी. परदेशी खेळाडूंना युगोस्लाव्ह साखळीत जागा नव्हती, आणि देशाच्या खेळाडूंना वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत परदेशी क्लबकडे जायला परवानगी नव्हती. आजच्या दृष्टीने हा नियम खेळाडूंवर अन्याय करणारा होता, आणि अनेकांनी तो तसा अनुभवलाही. पण त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. चांगले खेळाडू ऐन उमेदीची वर्षे घरच्या क्लबमध्ये काढत, म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला रोज सरावात त्यांच्याशी झुंजावे लागे. आणि वरिष्ठ संघातली रिकामी जागा बाहेरून विकत आणता येत नसल्यामुळे ती ज्युनिअरमधूनच भरावी लागे. पेत्रोविच पंधराव्या वर्षी गावच्या शिबेन्का क्लबच्या वरिष्ठ संघात आला. शाळा सुरू होण्याआधी पहाटे सभागृहात जाऊन तो शेकडो शूट मारी, ही गोष्ट शिबेनिकमध्ये सर्वांना ठाऊक होती.

या व्यवस्थेतून निघालेली पहिली ठळक पिढी 1972 सालची. त्या वर्षी झादारला झालेल्या युरोपीय ज्युनिअर स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात किचानोविच आणि तुझ्लाचा मिर्झा देलिबाशिच हे दोघे होते. आठ वर्षांनी मॉस्कोच्या ऑलिंपिक सुवर्णपदकातही दोघे होते. देलिबाशिच त्याच 1972 साली सारायेव्होच्या बोस्ना क्लबमध्ये गेला. तिथले प्रशिक्षक बोग्दान तान्येविच स्वतः पंचविशीतले होते आणि क्लब नुकताच पहिल्या श्रेणीत चढला होता. 1979 मध्ये बोस्नाने युरोपीय क्लबांचे अजिंक्यपद जिंकले. अंतिम सामन्यात झार्को वारायिचने 45 गुण केले. युगोस्लाव्हियाच्या क्लबला हे पद पहिल्यांदाच मिळत होते. नियमाला अपवादही होते. मोस्तारचा द्राजेन दालिपागिच एकोणिसाव्या वर्षापर्यंत बास्केटबॉल नीट खेळलाच नव्हता, आणि तरी तो युरोपातल्या सर्वोत्तम शूटरपैकी एक झाला. म्हणजे शाळा कडक होती, पण उशिरा आलेल्याला दार बंद नव्हते.

मुलींच्या खेळाचा इतिहास याच काळात घडला, मात्र त्याबद्दल फार कमी लिहिले जाते. युगोस्लाव्ह महिलांनी 1980 साली मॉस्कोत कांस्य आणि 1988 साली सोलमध्ये रौप्यपदक मिळवले. बोस्नियातल्या तुझ्लाच्या येदिन्स्त्वो क्लबने 1989 मध्ये युरोपीय क्लबांचे अजिंक्यपद जिंकले. त्या संघाचा कणा होती 2.02 मीटर उंचीची राझिया मुयानोविच. एका खेड्यातल्या मुलीला हेरून, तिला अनेक वर्षे धीराने शिकवून प्रशिक्षक मिहायलो वुकोविच यांनी तिला घडवले. मुलींच्या बाबतीत उंचीची झपाट्याची वाढ मुलग्यांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी येते, म्हणून त्यांच्या सरावाचे वेळापत्रक वेगळे असावे लागते. तुझ्लासारख्या खाणींच्या गावात हे काम इतके नीट झाले, ही गोष्ट पुरुष संघांच्या पदकांइतकीच नोंदवण्यासारखी आहे.

ऐंशीच्या दशकात या शाळेचे सर्वांत मोठे पीक आले. 1985 साली बल्गेरियातल्या रुसे इथे कॅडेट गटाचे युरोपीय अजिंक्यपद मिळाले आणि 1986 साली ऑस्ट्रियातल्या ग्मुंडेन इथे ज्युनिअर गटाचे. ज्युनिअर संघाचे प्रशिक्षक होते स्वेतिस्लाव पेशिच. बोस्ना क्लबच्या 1979 च्या विजेत्या संघात ते खेळाडू होते. त्यांच्या संघात दिवाच, स्प्लिटचे तोनी कुकोच आणि दिनो राद्जा, बेलग्रेडचा अलेक्झांडर जॉर्जेविच अशी मुले होती. कुकोच लहानपणी टेबल टेनिस आणि फुटबॉल खेळत असे. स्प्लिटच्या समुद्रकिनाऱ्यावर युगोप्लास्टिकाच्या माणसाच्या नजरेस पडल्यावर तो बास्केटबॉलकडे वळला. अंगाने काडीसारखा, पण हात आणि नजर टेबल टेनिसने आधीच तयार केलेली. त्याला वजन वाढवायला किंवा रिंगखाली उभे राहायला कोणी भाग पाडले नाही. 2.08 मीटरपर्यंत वाढूनही तो चेंडू हातात घेऊन संघाची चाल रचत राहिला.

1987 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या बोर्मियो या डोंगरी गावात ज्युनिअर गटाची जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षक लॅरी ब्राउन होते आणि त्यात गॅरी पेटन, लॅरी जॉन्सन असे पुढे गाजलेले खेळाडू होते. साखळी सामन्यात युगोस्लाव्हियाने त्यांना 110–95 असे हरवले. कुकोचने तीन गुणांच्या बारापैकी अकरा फेकी टाकल्या आणि 37 गुण केले. अंतिम सामना पुन्हा त्याच दोन संघांत झाला. या वेळी अमेरिकनांनी कुकोचला मोकळे सोडले नाही, तेव्हा चेंडू आत दिवाच आणि राद्जा यांच्याकडे जाऊ लागला, आणि निकाल लागला 86–76. एकाच संघाला आठवड्याभरात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी हरवता येणे हे पंचांच्या चुकीने किंवा एखाद्या रात्रीच्या नशिबाने होत नाही. त्याआधीची सगळी वर्षे त्या दोन सामन्यांत दिसली.

या मुलांना वर नेण्याची घाई करणारा माणूस होता चोसिच. खेळणे संपवून तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला होता. 1986 च्या जागतिक स्पर्धेत, माद्रिदला, सोव्हिएत संघाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात अखेरच्या क्षणी अठरा वर्षांच्या दिवाचने दुहेरी ड्रिबलची चूक केली आणि हातातला सामना गेला. चोसिचने त्याला वगळले नाही. पुढच्या वर्षी अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत त्याने कुकोच, राद्जा आणि जॉर्जेविच यांनाही सोबत नेले आणि कांस्यपदक आणले. 1989 चे युरोपीय आणि 1990 चे जागतिक अजिंक्यपद दुशान इव्कोविच यांच्या हाताखाली मिळाले. दोन्ही संघांचा पाया याच मुलांचा होता. स्प्लिटमध्ये बोजिदार माल्कोविच यांनी युगोप्लास्टिकाच्या तरुणांना घेऊन 1989 आणि 1990 साली युरोपीय क्लबांचे अजिंक्यपद जिंकले, आणि ते गेल्यावर 1991 मध्ये क्लबने तिसऱ्यांदाही. 1989 च्या म्युनिकमधल्या अंतिम सामन्यात कुकोच वीस वर्षांचा होता, राद्जा एकवीस.

या शाळेची दुसरी बाजूही लिहायला हवी. आरडाओरडा, अपमान आणि उलटी होईपर्यंत धावणे हे तिथे शिकवण्याचाच भाग मानले जाई. चौदा-पंधरा वर्षांची मुले घर सोडून परक्या शहरात राहत. जी वर पोचली नाहीत त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, आणि त्यांच्या शिक्षणाचे काय झाले याची विचारपूस कमीच झाली. प्रशिक्षकाचा शब्द अखेरचा असे. त्यातून कौशल्य आले, तसे भयही आले, आणि पुढच्या पिढीतल्या अनेक प्रशिक्षकांनी त्यातले कौशल्य ठेवून भय कमी करण्याचा प्रयत्न केला हे योग्यच झाले. त्याच वेळी संयमाची उदाहरणेही होती. साशा दानिलोविच किशोरवयात सारायेव्होहून बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबमध्ये आला, पण नोंदणीच्या वादामुळे त्याला बराच काळ सामने खेळता आले नाहीत. त्या काळात प्रशिक्षक दुशान वुयोशेविच यांनी त्याला एकट्याला घेऊन शूट, पाय आणि हात घडवले. सामन्यांच्या दडपणापासून दूर मिळालेला तो काळ त्याच्या कारकिर्दीचा पाया ठरला.

लहान मुलांसाठी खेळाचेच माप बदलावे, ही कल्पना मात्र युगोस्लाव्हियाची नव्हती. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये जे आर्चर यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला लहानांसाठी कमी उंचीची रिंग आणि छोटा चेंडू आणला. स्पेनमध्ये अन्सेल्मो लोपेझ यांनी 1962 पासून 'मिनी बास्केट' देशभर नेला आणि तिथून तो युरोपात पसरला. रिंग 3.05 मीटरऐवजी 2.60 मीटरवर आली, चेंडू पाच क्रमांकाचा झाला. नऊ वर्षांच्या मुलाने मोठा चेंडू उंच रिंगकडे फेकायचा तर तो कमरेतून ढकलावा लागतो, आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. लहान साधनांमुळे हात सुरुवातीपासून योग्य जागी राहतो. नव्वदच्या दशकात कॅनडातल्या इश्तवान बायी यांनी खेळाडूच्या दीर्घकालीन विकासाचे टप्पे मांडले. सामन्यांपेक्षा सराव जास्त, जन्मतारखेपेक्षा शरीराची वाढ महत्त्वाची, निकालाची घाई नको, हा त्यांचा आशय. बेलग्रेड आणि स्प्लिटच्या चांगल्या प्रशिक्षकांनी यातले बरेचसे आधीच अनुभवातून आचरणात आणले होते.

1991 च्या जूनमध्ये रोमला युरोपीय स्पर्धा चालू असतानाच स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केले आणि त्या देशाचा युरी झ्दोव्त्स संघ सोडून गेला. युगोस्लाव्हियाने सुवर्णपदक जिंकले. तो संघ तसा पुन्हा कधी खेळला नाही. युद्धामुळे 1991–92 च्या हंगामात पार्टिझानला घरचे युरोपीय सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा गावात खेळावे लागले. संघाचे सरासरी वय बावीसच्याही खाली होते, प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच काही महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतः खेळाडू होते, आणि सल्लागार म्हणून सोबत होते निकोलिच. एप्रिल 1992 मध्ये इस्तंबूलला जॉर्जेविचच्या शेवटच्या क्षणाच्या तीन गुणांच्या फेकीने त्यांनी 71–70 असे विजेतेपद मिळवले. त्यानंतर सर्बिया आणि माँटेनिग्रोच्या संघांवर निर्बंध आले आणि 1995 पर्यंत ते आंतरराष्ट्रीय खेळाबाहेर राहिले.

देश तुटला, पण प्रशिक्षक जगभर गेले. पेशिच यांनी 1993 मध्ये जर्मनीला युरोपीय सुवर्णपदक मिळवून दिले आणि बर्लिनच्या अल्बा क्लबला घडवले. तान्येविच यांनी 1999 साली इटलीला युरोपीय अजिंक्यपद मिळवून दिले. ओब्रादोविच यांनी पार्टिझान धरून पाच वेगवेगळ्या क्लबांबरोबर एकूण नऊ युरोपीय अजिंक्यपदे जिंकली. भारताच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपदही 2019 नंतर काही वर्षे सर्बियाच्या वेसेलिन मातिच यांच्याकडे होते.

मायदेशी मात्र क्लबांचा पैसा आटला आणि अठ्ठावीस वर्षांचा नियम गेला. आता मुले घडण्याआधीच निघून जातात. लुका दोन्चिच 2012 मध्ये तेराव्या वर्षी ल्युब्लियाना सोडून माद्रिदला गेला. त्याचे पुढचे शिक्षण तिथल्या रेआल क्लबच्या तरुण गटांत झाले. निकोला योकिचचा मार्ग वेगळा होता. सोंबोरचा हा जाडसर मुलगा 2012 साली बेलग्रेडच्या मेगा क्लबमध्ये आला. प्रशिक्षक देयान मिलोयेविच यांनी त्याला घाई न करता उभे केले आणि सेंटर असूनही चेंडू त्याच्या हातात दिला. 2014 मध्ये अमेरिकन साखळीने त्याला 41 व्या क्रमांकावर निवडले, तरी तो आणखी एक हंगाम मेगातच राहिला. पुढे तो तीनदा त्या साखळीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मिलोयेविच 2024 च्या जानेवारीत, सेहेचाळिसाव्या वर्षी, वारले. त्याच वर्षी पॅरिसला पेशिच यांच्या हाताखाली, योकिचसह, सर्बियाने ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले.

2021 पासून अमेरिकन विद्यापीठांतल्या खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या हक्कातून पैसा मिळवायची मुभा मिळाली. तेव्हापासून अठरा-एकोणीस वर्षांचे युरोपीय खेळाडू मोठ्या संख्येने तिकडे वळू लागले आहेत. त्यामुळे पायोनिअर आणि कॅडेट गटांवर दहा-दहा वर्षे खर्च करणाऱ्या बाल्कन क्लबांपुढे हा खर्च कुठून भरून काढायचा, हा प्रश्न उभा आहे.